कासवाचं पिल्लू आणि सुक्या कोळंबीची डबी

महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या देवळांत देवाच्या आधी कासवाचं दर्शन होतं. सभामंडपाच्या फरशीत दगडी कासव असतं, त्याला हात लावून लोक गाभाऱ्याकडे वळतात. त्या ओढीमुळे असेल, नाहीतर कासव घरात असणं शुभ या समजुतीमुळे असेल, पण शोभेच्या माशांच्या दुकानात काचेच्या टाकीत हात-पाय मारणारी हिरवीगार पिल्लं दिसली की मुलं हट्ट धरतात आणि मोठ्यांनाही तो मोडवत नाही. पिल्लू सुपारीहून थोडं मोठं असतं. दुकानदार पाण्याच्या पिशवीत घालून ते हातात देतो आणि सोबत एक प्लास्टिकची डबी देतो. डबीत कोळंबीसारखे दिसणारे, वाळवलेले बारीक जीव असतात. ‘सकाळ-संध्याकाळ चिमूटभर टाका’ एवढ्यावर मार्गदर्शन संपतं.

पुढचे काही महिने सगळं सुरळीत दिसतं. डबी खुळखुळली की पिल्लू धावत येतं, अधाशासारखं खातं. मग एक दिवस त्याच्या पापण्या फुगलेल्या दिसतात. चार-सहा दिवसांत डोळे मिटतात आणि खाणं थांबतं. घरातले बुचकळ्यात पडतात, कारण काल-परवापर्यंत ते पोटभर खात होतं. पोट भरणं आणि पोषण होणं या दोन गोष्टी कासवाच्या पिल्लाइतक्या ठळकपणे वेगळ्या असलेला दुसरा पाळीव जीव सहसा सापडत नाही.

दुकानात मिळणारं हे पिल्लू बहुतेक वेळा रेड इअर्ड स्लायडर जातीचं असतं. डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा असतो, म्हणून ते लाल कानाचं. ओंडक्यावर ऊन खात बसलेलं असताना चाहूल लागली की घसरून पाण्यात पडतं, म्हणून ते स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं सहज जगतं आणि मादी पंचवीस सेंटिमीटरच्याही पुढे वाढते. आपल्या तळ्यांतली मऊ पाठीची कासवं, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव या देशी जातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे. ती घरी ठेवणं हा गुन्हा आहे. शेतात किंवा विहिरीत असं कासव सापडलं तर त्याला काय भरवावं याचा विचार न करता सरळ वन विभागाला कळवावं. पुढचं सगळं विवेचन स्लायडरच्या पिल्लाबद्दल, म्हणजे साधारण पहिल्या दोन वर्षांबद्दल आहे.

कासवाच्या आईनं पिल्लाला भरवण्याचा प्रश्नच नसतो. ती अंडी घालून निघून जाते. अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो, तीच त्याची पहिल्या दिवसांची शिदोरी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं समुद्राकडे धाव घेतात, तीही याच शिदोरीच्या बळावर. स्लायडरचं पिल्लू दुकानातून घरी येईपर्यंत ही शिदोरी बहुधा संपलेली असते. तरी नव्या जागेत पहिले तीन-चार दिवस ते तोंड लावत नाही. जागा बदलल्याची भीती असते, पाणी गार असतं, काचेपलीकडे सारखी माणसं हलत असतात. अशा वेळी टाकीजवळची वर्दळ कमी करावी, पाणी उबदार ठेवावं आणि वाट पाहावी. चोच बळेच उघडून भरवू नये. आठवडा उलटूनही ते खात नसेल तर मात्र पशुवैद्याकडे न्यावं.

ते खाऊ लागलं की एकदा शांत बसून बघावं. तयार खाद्याची गोळी पाण्यावर पडते. पिल्लू जागीच थबकून मान थोडी वळवतं, अंदाज घेतं. मग मान झटकन पुढे येते, तोंड उघडतं आणि गोळी पाण्यासकट आत ओढली जाते. तुकडा मोठा असला तर तो चोचीत घट्ट धरून पुढच्या पायांच्या नखांनी ओरबाडतं, तुटलेला भाग गिळतं, उरलेल्याच्या मागे पुन्हा पोहत जातं. दात नाहीत. घास घशाकडे सरकवायला पाणीच लागतं. म्हणून पाण्यातल्या कासवाला कोरड्या जागी बशीत वाढून उपयोग नाही. खाणं पाण्यातच द्यावं आणि तुकडे त्याच्या तोंडात मावतील एवढेच करावेत.

स्लायडर हा मिश्राहारी जीव आहे, पण वयाप्रमाणे त्याचं ताट बदलतं. निसर्गात पिल्लं पाण्यातले किडे, अळ्या, बेडूकमासे, गोगलगाई यांच्यामागे असतात. मोठी झाल्यावर ती मुख्यतः पाणवनस्पतींवर येतात. वाढत्या अंगाला प्रथिनं जास्त लागतात, म्हणून पिल्लाच्या तयार खाद्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिनं चालतात. मोठ्या कासवाला पंचवीस टक्क्यांच्या आसपास पुरतात. आहाराचा पाया पाणकासवांसाठी बनवलेल्या चांगल्या गोळ्यांचा असावा, कारण जीवनसत्त्वं आणि खनिजं त्यांत मोजून घातलेली असतात. खरेदी करताना पाकिटामागचा मजकूर वाचावा. प्रथिनांचं प्रमाण, कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त आहे का, अ आणि ड३ जीवनसत्त्वं आहेत का आणि मुदत कधी संपते, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. स्वस्त पडतं म्हणून मोठं पाकीट घेऊ नये. उघडल्यावर जीवनसत्त्वं हळूहळू उतरत जातात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमट हवेत गोळ्यांना बुरशीही धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या चमच्यानं काढून वापराव्यात.

आता त्या डबीकडे वळू. वाळवलेल्या कोळंबीसारख्या जिवांत विष नसतं, पण त्यांच्यावर कासव पोसलं जात नाही. माणसाच्या मुलाला तिन्ही त्रिकाळ कुरमुरे द्यावेत तसा हा प्रकार आहे. त्यांत अ जीवनसत्त्व फारच कमी असतं. या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा पहिला फटका डोळ्यांच्या आणि श्वासमार्गाच्या आतल्या अस्तराला बसतो. अस्तर जाड, कोरडं होतं, ग्रंथींची तोंडं बुजतात, पापण्या सुजतात. कासव नजरेनं अन्न शोधतं, त्यामुळे डोळे मिटले की खाणंही बंद होतं आणि आधीच कमी पडलेलं जीवनसत्त्व आणखी कमी होतं. सुरुवातीला वर्णन केलेली सुजलेल्या डोळ्यांची तक्रार पुष्कळदा यातूनच येते. अशा वेळी औषधाच्या दुकानातून ‘अ’ जीवनसत्त्वाचे थेंब आणून घरीच उपचार करू नयेत. मात्रा जास्त झाली तर कातडी सोलवटून निघते. हे काम सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचंच आहे. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर कासव पाहतोच असं नाही, म्हणून पिल्लू धडधाकट असतानाच असा डॉक्टर शोधून ठेवावा. डबी फेकून द्यायची गरज नाही. आठवड्यातून एकदा चार-पाच दाणे खाऊ म्हणून दिले तर चालतं.

डोळ्यांच्या खालोखाल तक्रार येते ती कवचाची. कासवाची पाठ म्हणजे वरून चढवलेली ढाल नव्हे. बरगड्या आणि पाठीचा कणा एकजीव होऊन ती बनते, त्यावर नखांसारख्या पदार्थाचे खवले असतात. ती सगळी हाडंच आहेत आणि पहिल्या वर्षात ती भराभर वाढत असतात. त्यामुळे पिल्लाची कॅल्शियमची गरज दांडगी असते. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावं. नुसता खिमा किंवा बोनलेस चिकनचे तुकडे दिले तर गणित उलटं होतं, कारण निव्वळ मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीहून अधिक असतो. मग शरीर स्वतःच्याच हाडांतलं कॅल्शियम ओढू लागतं. पाठ मऊ पडते, कडा वर वळतात, पाय वाकडे होतात. दर पंधरा दिवसांनी पिल्लाला तळहातावर घेऊन पाठीच्या कडेवर अंगठ्यानं अगदी हलका दाब देऊन पाहावं. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची पाठ थोडी लवचिक असते. पण काही महिन्यांचं पिल्लू झालं तरी पाठ पुठ्ठ्यासारखी दबत असेल, तर वाट पाहत बसू नये.

कॅल्शियमचा सोपा साठा कोकणच्या वाळूत पडलेला असतो. किनाऱ्यावर होडीच्या आकाराची पांढरी, हलकी, ठिसूळ पाती सापडतात, ती माकुलाची हाडं. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात समुद्रफेन म्हणून मिळतं ते हेच. किनाऱ्यावरून आणलेलं असेल तर तीन-चार दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत बुडवून ठेवावं म्हणजे मीठ निघून जातं. मग वाळवून, मागची कडक पापडी सोलून, मऊ भागाचा तुकडा टाकीत तरंगत सोडावा. पिल्लू गरजेप्रमाणे तो कुरतडतं. काही पिल्लं आठवडाभर ढुंकून पाहत नाहीत आणि मग एका दुपारी अर्धा तुकडा संपवतात.

पण पोटात गेलेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचायला ड३ जीवनसत्त्व लागतं. ते कासवाच्या कातडीत सूर्याच्या अतिनील-बी किरणांनी तयार होतं. साध्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. म्हणजे खिडकीच्या बंद काचेमागे ठेवलेल्या टाकीत पिल्लाला ऊब मिळते, उजेड मिळतो, हवे ते किरण मात्र मिळत नाहीत. चांगलं खाद्य देऊनही पाठ मऊ पडलेल्या कितीतरी पिल्लांची गोष्ट इथे येऊन थांबते. आहार आणि ऊन हे दोन वेगळे विषय समजणं, ही पाळणाऱ्यांची सर्वांत महागडी चूक आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीत किंवा बाल्कनीत उथळ टबमध्ये वीस-तीस मिनिटं पिल्लू ठेवावं. टबच्या अर्ध्या भागावर सावली असावी आणि वर जाळी हवीच. सुपारीएवढं पिल्लू कावळ्याला उचलायला क्षण पुरतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उथळ पाणी बघता बघता तापतं, त्यामुळे तिथे सूर्योदयानंतर लगेचची वेळ साधावी आणि टबजवळून हलू नये. ज्या घरात ऊन येतच नाही तिथे अतिनील-बी किरणांचा खास दिवा घ्यावा आणि तो पेटत असला तरी उत्पादकानं सांगितलेल्या मुदतीत, साधारण सहा ते बारा महिन्यांत, बदलावा. उजेड देत असतानाच त्याचे उपयोगी किरण संपलेले असतात.

गोळ्यांच्या जोडीला ताजं काय द्यावं? गांडूळ फार चांगलं. खत-औषध न मारलेल्या कुंडीतलं किंवा मातीतलं गांडूळ घ्यावं, एक रात्र ओल्या कागदात ठेवावं म्हणजे त्याच्या पोटातली माती निघून जाते, आणि तुकडे करून द्यावं. डासांच्या अळ्या पिल्लं आवडीनं मटकावतात. गप्पी मासेही उत्तम. मलेरिया रोखण्यासाठी विहिरी-हौदांत सोडतात तेच हे मासे, घरच्या टाकीतही भराभर वाढतात. पिल्लू ते अख्खे, काट्यासकट खातं, त्यामुळे कॅल्शियमही मिळतं. गटारातले किंवा डबक्यातले मासे मात्र नकोत, त्यांच्याबरोबर परजीवी येतात. गोल्डफिशसारख्या काही माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, म्हणून ते नेहमीचं अन्न होऊ शकत नाहीत. मासे खाणाऱ्या घरात जवळा किंवा कोळंबी आणली की त्यातलाच छोटा तुकडा आठवड्यातून एखादे वेळी द्यायला हरकत नाही. तो ताजा, बिनमिठाचा आणि बिनमसाल्याचा असावा. खारवलेली सुकी मासळी मुळीच नको.

इथे शाकाहारी घरांबद्दल स्पष्ट लिहायला हवं. घरात श्रावण पाळला जातो, पण कासवाच्या पिल्लाला श्रावण नसतो. वर्षभर नुसती कोथिंबीर आणि काकडी देऊन स्लायडरचं पिल्लू नीट वाढत नाही. चांगल्या गोळ्यांत मासळीची भुकटी असतेच. त्या गोळ्या घरात ठेवणं ज्यांना चालणार नाही, त्यांनी हे पिल्लू आणू नये. त्यांच्या श्रद्धेचा मान यातच आहे आणि पिल्लाचं भलंही.

पाल्याबद्दल पिल्लं बेपर्वा असतात. समोर हिरवं टाकलं तर बाजूला सारतात. तरी ते रोज द्यावं, कारण दोन वर्षांनी निम्म्याहून अधिक आहार पाल्याचा व्हायचा आहे आणि सवय आत्ताच लागते. जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची कोवळी पानं, शेवग्याचा पाला, लेट्यूसची गडद हिरवी पानं, किसलेलं गाजर आणि लाल भोपळा हे आलटून पालटून द्यावं. फुलं घरच्या झाडाची असावीत, बाजारातल्या हारातली नकोत, त्यांवर फवारणी झालेली असते. पालक, चाकवत, माठ यांत ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियम अडकवून ठेवतं, म्हणून क्वचितच द्यावेत. अळू अजिबात नको. पांढरट आइसबर्ग लेट्यूस आणि काकडी म्हणजे जवळजवळ पाणीच. सगळ्यांत सोयीचा पाला म्हणजे अझोला. राज्यातले अनेक पशुपालक गाई-कोंबड्यांसाठी तो वाफ्यात वाढवतात. गॅलरीतल्या एका पसरट घमेल्यातही तो वाढतो. मूठभर टाकीत सोडला की पाण्यावर हिरवी चादर पसरते आणि पिल्लू दिवसभर खालून एकेक पान खुडत राहतं. नदीतली जलपर्णी कासवं खातात खरी, पण सांडपाण्यातले जड धातू ती शोषून घेते, त्यामुळे शहराजवळच्या नदीतून ती आणू नये.

पाव, पोळी, भात, बिस्किटं, दूध, फरसाण यांतलं काहीही नको. कुत्र्या-मांजरांचं खाद्यही नको, त्यात चरबी जास्त असते.

किती द्यावं, यावरून घराघरांत वाद होतात, कारण पिल्लू सतत भुकेलं दिसतं. माणूस टाकीजवळ आला की ते काचेवर धडका देतं, मान लांबवतं. ते भुकेनं व्याकूळ झालंय असं नसतं. माणूस म्हणजे खाणं, हे ते शिकलेलं असतं. एक जुनं माप उपयोगी पडतं: पिल्लाचं डोकं पोकळ असतं तर त्यात जेवढ्या गोळ्या मावल्या असत्या, तेवढ्या एका वेळी पुरेत. वर्षाचं होईपर्यंत रोज एकदा, पुढे एक दिवसाआड. पाला मात्र रोज. जास्त प्रथिनं आणि जास्त खाणं यामुळे वाढ अवाजवी वेगानं होते, पाठीवरचे खवले उंचवट्यांसारखे वर येतात, पायांच्या खोबणीतून चरबीचे गोळे बाहेर डोकावतात. स्वयंपाकघरातल्या काट्यासारखा एक छोटा डिजिटल काटा पिल्लासाठी वेगळा ठेवून दर रविवारी वजन वहीत लिहावं. वजन हळूहळू चढत राहिलं तर आहार बरोबर चालला आहे.

शक्य असेल तर खायला वेगळ्या टबमध्ये द्यावं. टाकीतलंच थोडं कोमट पाणी टबमध्ये घ्यावं, पिल्लू सोडावं, अर्ध्या तासानं परत ठेवावं. उरलेलं अन्न आणि बरीचशी घाण टबमध्येच राहते, टाकीचं पाणी कुजत नाही. पाण्याच्या तापमानाकडे लक्ष हवंच. पिल्लांना सव्वीस-सत्तावीस अंशांचं पाणी आणि ऊन खाण्याच्या कोरड्या जागेवर तीस ते बत्तीस अंश ऊब लागते. शरीर गार असलं की पचन मंदावतं. नाशिक-पुण्याच्या थंडीत जानेवारीत पिल्लू एकाएकी खायचं सोडतं, तेव्हा बहुधा खाद्यात दोष नसतो, पाण्यात हीटर नसतो. गार पाण्यात बळेच खायला घातलं तर अन्न पोटातच सडतं.

आणि हात धुवावेत, दर वेळी, साबणानं. दिसायला निरोगी असलेल्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलं ही इवली पिल्लं तोंडात घालत आणि आजारी पडत, म्हणून अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली गेली. टाकी, टब, फिल्टर काहीही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात पिल्लू देऊ नये.

मोठं झालेलं कासव सांभाळवत नाही म्हणून तळ्यात सोडणारेही आहेत. स्लायडरचं नाव जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परकीय जातींच्या यादीत आहे. देशी कासवांचं अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा ते बळकावतं. सोडून देणं ही त्याची सुटका नव्हे. नवं घर शोधावं किंवा प्राणिमित्र संस्थेशी बोलावं.

ज्यांच्या घरी आत्ता असं पिल्लू आहे, त्यांनी आज रात्री एकच काम करावं. टाकीशेजारची खाद्याची डबी हातात घ्यावी आणि मागचा बारीक मजकूर वाचावा. त्यात फक्त वाळवलेल्या कोळंबीचं नाव असेल, तर उद्या सकाळी गोळ्या आणाव्यात आणि पिल्लाला अर्धा तास बाल्कनीतल्या उन्हात ठेवावं, वर जाळी घालून.